घर बांधताना : डब्यावर डबा चढवण्याआधी

एका भगिनीने विचारलं आहे, "प्लॉटवर जुने मालवाहू कंटेनर एकावर एक ठेवून दुमजली घर करायचं यजमानांच्या मनात आहे. बोटीवर सात-आठ रचतात, मग दोघांना काय होतंय, असं ते म्हणतात. मला मात्र धाकधूक वाटते."

भगिनी, यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ॲम्स्टरडॅमला २००६ च्या सुमारास 'केटवोनेन' ही विद्यार्थ्यांची वस्ती झाली. सुमारे हजार खोल्या, पाच मजले, सगळे कंटेनर! पण ते मुद्दाम राहण्यासाठी बनवून घेतलेले होते.

बोटीवरचा कंटेनर अखंड असतो. वरचं सारं ओझं त्याच्या चार कोपऱ्यांतले पोलादी खांब पेलतात. स्टुलावर स्टूल ठेवताना पायावर पाय ठेवावा, तसंच हे. वरचा कंटेनर आडवा ठेवला, की त्याचे कोपरे खालच्याच्या छपरावर येतात, आणि छप्पर म्हणजे नुसता पातळ पत्रा! तिथे वेगळे खांब नि तुळया हव्यातच. पाण्याची टाकीही छपराच्या मध्यावर नको. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, बरं का!

दुसरी गोष्ट भिंतींची. तो नालीदार पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाड, पण तो नुसता आडोसा नव्हे. चाळीस फूट लांबीला तो तुळईसारखा आधार देतो आणि वाऱ्यात, भूकंपात घर कलू देत नाही. तेलाच्या रिकाम्या डब्याची एक बाजू कापून दाबून बघा, कसा चेपतो ते! ऐसपैस हॉलसाठी भिंत काढली, की तेच होतं. म्हणून कापलेल्या प्रत्येक जागेभोवती पोलादी चौकट जोडावी लागते, आणि 'स्वस्त' घराचा खर्च इथेच वाढतो.

तेव्हा इसार देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला चार प्रश्न विचारा :

१. वरचे कोपरे खालच्या कोपऱ्यांवरच येतात ना?
२. दारं-खिडक्यांभोवती कोणती चौकट?
३. दोन्ही कंटेनर एकमेकांना नि पायाला कशाने जखडणार?
४. जुन्या खांबांना गंज किंवा पोचा आहे का?

यजमानांना नाउमेद करू नका. मात्र इंजिनिअरच्या सहीचा नकाशा हाती आल्याशिवाय गॅस-कटरवाल्याला प्लॉटवर पाऊल टाकू देऊ नका. वरच्या मजल्यावर मुलं निजणार आहेत!