शॉर्टसर्किट नावाची पळवाट

‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ मराठी वृत्तपत्रांत या वाक्याइतके स्थिर वाक्य दुसरे क्वचितच सापडेल. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे. तोडणीला आलेला ऊस जळतो आणि बातमी याच शब्दाने सुरू होऊन याच शब्दापाशी संपते. तारा लोंबत होत्या का, खांब कलला होता का, हे विचारण्याची गरज त्या शब्दानंतर कोणाला वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली, तेव्हाही पहिल्या बातम्यांत हाच शब्द होता. वास्तविक शॉर्टसर्किट हे कारण नव्हेच. जे घडले त्याचे ते केवळ नाव आहे. घटनेच्या नावालाच तिचे कारण समजण्याची ही सवय वार्ताहरांपुरती असती, तर या लेखाचे प्रयोजन नव्हते. ती आपल्या समीक्षेचीही सवय आहे, अशी माझी तक्रार आहे. आणि ती मला सुचली एका ॲम्प्लिफायरमुळे.

शिरूरच्या एका स्नेह्याने भजनी मंडळासाठी तो घरीच जुळवला होता. ‘टीडीए २०३०’ या दोन आयसी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, दोन मोठे कपॅसिटर, आणि हे सारे पत्र्याच्या एका पेटीत. बटण दाबले की फ्यूज उडे. एका कारागिराने ‘बोर्ड शॉर्ट आहे’ असे सांगून दोन्ही आयसी बदलून दिल्या. फ्यूज पुन्हा उडाला. दुसऱ्याने फ्यूजच्या जागी जाड तार घालण्याचा सल्ला दिला, तो सुदैवाने कोणी मानला नाही. तिसरा कारागीर वयस्क होता आणि त्याने निदान सांगण्याची घाई केली नाही.

त्याने प्रथम मेनच्या वाटेत ६० वॉटचा साधा बल्ब जोडला. आता दोष असला तरी बोर्ड जळणार नव्हता, बल्ब तेवढा पेटणार होता. आणि तो लख्ख पेटला. मग ट्रान्सफॉर्मरच्या बोर्डाकडे जाणाऱ्या तारा सोडवल्या. बल्ब विझला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर निर्दोष. वीज बंद करून, कपॅसिटर रिकामे करून त्याने मीटर घेतला. धन बाजू आणि ग्राउंड यांमध्ये मीटर क्षणभर वाजून थांबला. ‘हा शॉर्ट नव्हे, कपॅसिटर भरतोय,’ तो म्हणाला. ऋण बाजू आणि ग्राउंड यांमध्ये मात्र मीटर वाजतच राहिला. अर्धा बोर्ड संशयातून मुक्त झाला. ऋण बाजूच्या कपॅसिटरचा एक पाय उचलला, तरी आवाज चालूच. मग आयसींचे स्क्रू. पहिला काढला, काही फरक नाही. दुसरा काढला आणि मीटर गप्प झाला.

या आयसीची धातूची पाठ आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे ऋण पुरवठ्याला जोडलेली असते. हीट-सिंक पेटीला, पेटी ग्राउंडला. म्हणून पाठ आणि हीट-सिंक यांमध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालतात. तो होता. परंतु स्क्रूभोवती घालायचा प्लॅस्टिकचा बुश एका जागी राहून गेला होता, आणि अभ्रकाने जे वेगळे ठेवले ते स्क्रूने जोडून टाकले होते. एकही भाग बिघडलेला नव्हता. पहिल्या कारागिराने काढून टाकलेल्या आयसीही बहुधा चांगल्याच असाव्यात.

दुसऱ्या दिवशी न्हावरे-चौफुला रस्त्याने दौंडला एका चर्चासत्रासाठी गेलो. विषय समकालीन कादंबरीचा. दिवसभरात वाचल्या गेलेल्या निबंधांत नायकाचे तुटलेपण जागतिकीकरणामुळे होते, भाषेतील मोडतोड जागतिकीकरणामुळे होती, निवेदनातील विस्कळीतपणाही जागतिकीकरणामुळेच होता. सायंकाळपर्यंत कादंबरीतील एकही परिच्छेद कोणी वाचून दाखवला नाही. १९९१ नंतर येथे काही घडलेच नाही, असे मी म्हणत नाही. शॉर्टसर्किटही खरेच असते. प्रश्न असा आहे की ते कोठे आहे? कोणत्या प्रकरणात, कोणत्या वाक्यात, कोणत्या दोन शब्दांच्या दरम्यान?

शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. विजेने ज्या भारातून जायचे, तो टाळून ती आखूड वाटेने परतते. प्रवाह प्रचंड वाहतो, उष्णता पुष्कळ निर्माण होते, पण ध्वनी निघत नाही. कालखंडातून निघून, कलाकृतीला वळसा घालून थेट निष्कर्षाला पोचणाऱ्या समीक्षेचे याहून अचूक वर्णन मला ठाऊक नाही. पूर्वी हा मान ‘अस्तित्ववादी जाणिवे’ला होता, मग ‘देशीयते’ला मिळाला. शब्द बदलले, वाट तीच आखूड राहिली.

यावर साहित्य म्हणजे यंत्र नव्हे, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. कारागिरालाही मान्य होईल. स्पीकरच्या दोन टोकांना मीटर लावला तरी तो वाजतो, कारण त्या तारेचा रोध मुळातच थोडा असतो. त्याला दोष म्हणणारा कारागीर अडाणी ठरतो. कवितेतील दुर्बोधता, कादंबरीतील विस्कळीतपणा हाही प्रत्येक वेळी दोष नसतो. पण तो दोष की स्वभाव, हे ठरवण्यासाठीदेखील मीटर त्या जागी टेकवावाच लागतो. दूर उभे राहून दोन्हींतले काहीच ठरवता येत नाही.

आपल्याकडे हे कोणी केलेच नाही, असे नाही. म. वा. धोंडांना १९९७ चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्या पुस्तकासाठी मिळाला, त्या ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’चे नाव पाहावे. ज्या ग्रंथाविषयी ‘अलौकिक’ एवढे म्हणून हात जोडणे सोयीचे होते, त्यातल्या रोजच्या व्यवहाराच्या वस्तूंपाशी ते थांबले. ही पुण्याई आपण पाठ्यपुस्तकात बंदिस्त केली आणि चर्चासत्रात पुन्हा जाड तार घालू लागलो.

अध्यापकांना माझी एकच विनंती आहे. विद्यार्थ्याच्या निबंधात ‘…मुळे’ असा शब्द आला की समासात ‘कोठे?’ एवढेच लिहावे. उत्तर पृष्ठक्रमांकासह आले तर गुण द्यावेत, मग ते आपल्या मताविरुद्ध का असेना. उत्तर आले नाही, तर आपण त्या वर्गात काय शिकवत होतो, हे आपणच तपासावे. कारण शॉर्टसर्किटने जळालेल्या उसाची भरपाई मागायलाही शेतकऱ्याला खांब कोणता, तार कोणती, हे दाखवावे लागते. वाङ्मयाविषयी विधान करणाऱ्याला यापेक्षा अधिक सवलत का असावी?

असो. मतभेद असल्यास जरूर कळवावेत, मात्र स्थळासह.