टॅन्सा, मरबॅड आणि कुबेर-नेटिस

मुंबई १८९२ पासून तानसाचं पाणी पितेय, तरी आमच्या ऑफिसात निम्मी मंडळी त्याला ‘टॅन्सा’च म्हणतात. त्यांचाही काय दोष? इंग्रजीतला ‘टी’ म्हणजे त की ट, हे नुसतं वाचून कळत नाही. मुरबाडचं तर ‘मरबॅड’ होतं. गाव उगाचच बदनाम!

आमच्या टीममध्ये तानसाकडचीच एक मुलगी आहे. रोज आटगावहून लोकल पकडते. क्लाउड नेटवर्किंग ती गाडीत मोबाइलवर वाचूनच शिकली. सगळं येतं, पण ती नावं मोठ्याने उच्चारणारं आसपास कुणी नव्हतं. मध्यंतरी एक घोळ तिने शोधला. कॉलवर सांगितला मात्र भलत्यानेच. शाबासकीही त्यालाच.

आणि बॉस, ही नावं आहेतच तशी! ‘एन-जी-आय-एन-एक्स’ असं लिहायचं आणि ‘इंजिन एक्स’ म्हणायचं. ‘ट्राएफिक’ दिसतं ते साधं ट्रॅफिक, भिवंडी बायपासवर असतं तेच. ई-टी-सी-डीचा उच्चार ‘एट-सी-डी’. के-यू-बी-ई-सी-टी-एल या कमांडचे तर पंथच आहेत. कुणी ‘क्यूब-कंट्रोल’ म्हणतं, कुणी ‘क्यूब-सीटीएल’, तर कुणी चक्क ‘क्यूब-कडल’. कडल म्हणजे मिठी, तेव्हा आधी एचआर कुठे आहे ते बघा.

ही कमांड ज्याची, ते कुबर्नेटिस गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलं. शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यातला तांडेलच म्हणा ना. ‘गव्हर्नर’ही याच मुळातून, लॅटिनमार्गे आलेला. आजचे ग्रीक लोक त्याला ‘किव्हेर्नितिस’च्या जवळपास काहीतरी म्हणतात. म्हणजे अमेरिकन साहेबाचं ‘कूबरनेटीज’ही अस्सल नाहीच. मग आपलं ‘कुबेर-नेटिस’ काय वाईट? क्लाउडचं महिन्याचं बिल पाहिलं की कुबेर आठवतोच.

माझं लाडकं नाव मात्र कॅलिको. केरळातल्या कोळिकोडला इंग्रजांनी कॅलिकट केलं, तिथून येणाऱ्या सुती कापडाला कॅलिको म्हटलं. पुढे छापील कॅलिकोसारख्या रंगीबेरंगी मांजरीला तेच नाव पडलं. आता ते नेटवर्किंगच्या टूलला आहे, आणि लोगोत मांजर! यात शुद्ध उच्चार कुणाचा धरायचा? आमच्या मल्याळी टेस्टरला विचारलं तर तो सगळ्यांनाच नापास करेल.

म्हणून मीटिंगमध्ये कुणाचा उच्चार सुधारायला जाऊ नका. फारच खटकलं तर नंतर चहाच्या टपरीवर सांगा. ज्याचा उच्चार चुकतो, त्याने तो शब्द बहुतेक स्वतः वाचून मिळवलेला असतो.

हल्ली तिच्या मॉनिटरला पिवळी चिठ्ठी असते. ‘इंजिन एक्स’, ‘एट-सी-डी’... सगळं देवनागरीत, जसं बोलायचं तस्सं. परवाच्या कॉलवर ती ‘क्यूब-सीटीएल’ म्हणाली. पलीकडून लगेच आलं, “यू मीन क्यूब-कंट्रोल?” ती म्हणाली, “दोन्ही चालतं,” आणि पुढची स्लाइड लावली.