पऱ्हाटीचा धडा

वनस्पतीचे अवयव शिकवायचे म्हटले की फळ्यावर जास्वंदीचे चित्र निघते. मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी अशी नावे लिहिली, त्यांची कार्ये पाठ करून घेतली, की धडा संपला. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून ‘जड, तना, पत्ती’ असेच घोकले आणि पुढे बरीच वर्षे तसेच शिकवलेही. पण पैनगंगेच्या अलीकडच्या या काळ्या मातीत राहून हा धडा पऱ्हाटीशिवाय शिकवणे चूक आहे, असे आमचे आता स्पष्ट मत झाले आहे.

पऱ्हाटीचे सोटमूळ ओल शोधत खाली जाते, म्हणून पावसाने ताण दिला तरी ती तग धरते. उलट शेतात पाणी तुंबले की भर ओलीत तिची पाने मलूल होतात. मुळांनाही हवा लागते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण नाही. पान अन्न तयार करते हे मुले घडाघडा म्हणतात. मात्र लाल्या आल्यावर बोंडे का पोसत नाहीत, असे विचारले की गप्प बसतात. उत्तर तर एकच आहे!

आणि कापूस म्हणजे झाडाचा कोणता भाग? वर्गात विचारून पाहा, बहुतेक हात ‘फूल’ म्हणून वर होतील. फूल पिवळसर पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते. बोंड हे फळ, सरकी हे बी, आणि कापूस म्हणजे त्या बीच्या सालीवरचे केस. प्रत्येक केस म्हणजे एकच पेशी, सुमारे ३ सेंटीमीटर लांब! गुलाबी बोंडअळी आत शिरते ती सरकी खाण्यासाठी. धागा वाया जातो तो त्यापायी.

वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडू लागतात. मुलांची जागा शाळेतच आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु ‘बी’ऐवजी ‘सरकी’ आणि ‘कळी’ऐवजी ‘पाते’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत, असे आम्ही आमच्या शिक्षकांना सांगितले आहे. ते मूल चुकलेले नाही.

पालकांनी यंदा दोन झाडे मुळासकट पाठवावीत, एक फुलावरचे आणि एक बोंडे फुटलेले. नुकतीच फवारणी झालेले झाड मात्र मुलांच्या हाती देऊ नये.