मानेवरचा हंडा आणि मध्यरात्रीची डोकेदुखी

मध्यरात्र उलटल्यावर डोके दुखू लागून झोप मोडावी, कळ मानेच्या मुळातून निघून एकाच बाजूने वर चढत डोळ्यामागे येऊन ठाण मांडून बसावी, आणि सकाळी घरच्यांनी 'पित्त झाले असेल' एवढे म्हणून विषय संपवावा, हा अनुभव आपल्याकडे दुर्मिळ नाही. पित्त नसेल तर अर्धशिशी. आणि अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी! (उपाय गोड असल्यामुळेच तो टिकला असावा.) मानेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

वस्तुतः मानेतून उद्‌भवणाऱ्या डोकेदुखीला नॉर्वेचे मज्जाविकारतज्ज्ञ ओटार स्योस्ताद व त्यांचे सहकारी यांनी 1983 सालीच स्वतंत्र नाव दिले. मानेच्या वरच्या भागातील पहिल्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूचे संदेश एकाच केंद्रात मिसळतात. त्यामुळे बिघाड मानेत असतो आणि कळ कपाळात जाणवते. दिवसभर उत्तरपत्रिकांवर वाकलेले शिक्षक, टेबलाशी खिळलेले कारकून, अंथरुणात पडून मोबाईलवर वाचणारे विद्यार्थी या सर्वांनी हे ध्यानी घ्यावे. दिवसा ताणलेली मान रात्री उंच उशीवर पुन्हा तासन् तास वाकडी राहते, आणि मग ती झोपेतच तक्रार करते.

पण टेबलाशी वाकणाऱ्यांना निदान उशी बदलता येते. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला माणिकगड पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यात प्रश्न उशीचा नाही. पहाडावर पाऊस पुष्कळ पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो. उन्हाळ्यात अनेक वाड्यांत आणि कोलामगुड्यांत पाणी येते ते बाईच्या डोक्यावरून. चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि पायाखाली दगडधोंड्यांची चढण. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांची एक पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. तिनेही डोक्यावरचे पाणी आणि मान-पाठीचे दुखणे यांचा संबंध दाखविला आहे. महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांनी ज्यांवर हक्क सांगितला ती 14 गावे याच तालुक्यात आहेत. गावे कोणाची, यावर दशकानुदशके वाद झाला. तेथील बाईची मान कोणाची, हा वाद कोणी घातल्याचे ऐकिवात नाही.

हिशेब साधा आहे. जलजीवन मिशनने 2019 साली माणशी दररोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचे मान्य केले. पाच माणसांच्या घराला 275 लिटर झाले. पंधरा लिटरचा एक हंडा धरला तर हे अठराहून अधिक हंडे होतात. नळ कोरडा असेल तर ते कोणी आणायचे? एवढ्या खेपा कोणत्याही बाईला शक्य नाहीत. म्हणजे घर कमी पाण्यावर भागवते, आणि त्या कमी पाण्याचीही किंमत तिची मान देते.

याच महाराष्ट्राने 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांच्या लढ्यामुळे माथ्यावर ओझे वाहणे हे काम ठरले, त्याला नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय मदत मिळाली. बाजारातले पोते वाहणारा माथाडी. घरचे पाणी वाहणारी मात्र केवळ गृहिणी! हा भेद आम्हास अन्यायाचा वाटतो.

तिच्या वाट्याला येते ती दुकानातली वेदनाशामक गोळी. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस अशा गोळ्या घेत राहिल्यास काही महिन्यांत गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते, हे तिला कोणी सांगत नाही. आणि प्रत्येक रात्रीची डोकेदुखी मानेचीच असते असेही नाही: ओकारी, दृष्टी धूसर होणे, हातापायांतील ताकद जाणे, ताप, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे यांत विलंब न करता डॉक्टर गाठलाच पाहिजे.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. पहाडावरील आरोग्य केंद्रांत डोकेदुखी घेऊन येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची मान तपासावी, आणि ती रोज किती हंडे, किती अंतरावरून आणते याची नोंद तिच्या कागदावर व्हावी. तसेच नळजोडण्यांचे आकडे जाहीर करताना त्या नळांना मे महिन्यात किती दिवस पाणी आले, हेही गावनिहाय जाहीर व्हावे. जिवतीतील शिक्षक आणि ग्रामसेवक ही दुसरी नोंद येत्या उन्हाळ्यापासूनच ठेवू शकतात. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.