सत्तेतील डावेपणाची किंमत

विरोधी बाकांवर बसून तत्त्वे सांभाळणे फारसे अवघड नसते. कसोटी लागते ती तिजोरीच्या किल्ल्या हाती आल्यावर. नॉर्वेच्या क्रिस्तीन हाल्व्होर्सन यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८९ साली त्या संसदेत निवडून आल्या आणि १९९७ मध्ये समाजवादी डाव्या पक्षाच्या नेत्या झाल्या. २००१ मध्ये पक्षाने २३ जागा जिंकल्या. २००५ साली मजूर पक्ष व सेंटर पक्ष यांच्यासह तो प्रथमच सत्तेत आला आणि हाल्व्होर्सन देशाच्या पहिल्या महिला अर्थमंत्री झाल्या.

तेलाच्या उत्पन्नातून उभा राहिलेला प्रचंड निधी याच खात्याच्या अखत्यारीत येतो. त्याच्या गुंतवणुकीचे नैतिक निकष आधीच्या सरकारने २००४ मध्ये ठरविले होते. पण कामगारांच्या हक्कांची पायमल्ली होते म्हणून २००६ साली वॉलमार्टसारख्या बलाढ्य कंपनीतून पैसा काढून घेण्याचा निर्णय हाल्व्होर्सन यांच्या कारकीर्दीतला.

सत्तेने त्यांना नमविलेही. इस्रायली मालावर बहिष्कार घालण्याचा पुरस्कार केल्याबद्दल २००६ च्या आरंभीच त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. नाटोला विरोध हे ज्याचे ब्रीद, तोच पक्ष २०११ मध्ये लीबियावर बॉम्बफेक करणाऱ्या सरकारात बसला होता. मतदारांनी याची नोंद घेतली नसेल, असे कसे म्हणावे? २००५ मध्ये १५ असलेल्या जागा २००९ मध्ये ११ वर आल्या. २०१२ मध्ये त्यांनी नेतृत्व सोडले. पुढच्या वर्षी पक्ष अवघ्या ७ जागांवर घसरला.

मग सत्तेचा हा सौदा आतबट्ट्याचाच ठरला काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २००३ साली, विरोधात असतानाच, त्यांच्या पक्षाने थेट उजव्या टोकाच्या प्रगतिशील पक्षाशीही जुळवून घेऊन बालवाड्यांचा सर्वपक्षीय करार घडवून आणला. त्यातून शुल्काला कमाल मर्यादा आली आणि २००९ पासून बालवाडीतील जागा हा लहान मुलांचा कायदेशीर हक्क बनला. मूल सांभाळायचे की नोकरी करायची, या पेचातून असंख्य मातांची सुटका त्यामुळे सुकर झाली. त्या पक्षाचे सरकार २०१३ मध्ये गेले; तो हक्क मात्र राहिला.

लहान पक्षाने सत्तेत जावे की नाही, हा वाद जुनाच आहे. जाताना आपण काय गहाण टाकतो आहोत, याचा हिशेब अनुयायांपुढे उघडपणे मांडला पाहिजे, हा या कारकीर्दीचा धडा. तो न मांडणाऱ्यास मतदार क्षमा करीत नाहीत. आणि जनतेच्या पदरात काही टिकाऊ टाकणाऱ्याचे यशापयश केवळ जागांच्या संख्येने मोजता येत नाही.