निपाणीची चकली आणि राज्याची वेस

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतल्या कित्येक टपऱ्या-बेकऱ्यांवरचे क्यूआर कोड उतरले आणि तिथे 'फक्त रोख'च्या पाट्या लागल्या. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयची जमा पाहून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याकडे चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या जमेवर २९ लाख मागितले गेले. ताजी भाजी तर करमुक्त! पुढे मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी जुनी वसुली थांबवली, व्यापाऱ्यांनी पुकारलेला संप टळला. पण तेव्हा रुजलेला एक समज घरातून ऑनलाइन फराळ, मसाले विकणाऱ्या मराठी घरांतही शिरला आहे: फोनवर पैसे घेतले की कर, रोख घेतले की सुटका.

हे साफ खोटं आहे. जीएसटी विक्रीवर लागतो, पैसे कोणत्या वाटेने आले याच्याशी त्याचा संबंध नाही. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे गेली की नोंदणी करावीच लागते. उलट रोखीने तोटाच होतो: आयकराच्या अनुमानित योजनेत बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरतात, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के.

दुसरा समज जास्त महागात पडतो. "कंपनी आधीच कापून घेते, मग आपलं काय राहिलं?" मीशो, फ्लिपकार्टसारख्या कंपन्या नोंदणीकृत विक्रेत्याच्या विक्रीतून जीएसटीपोटी अर्धा टक्का कापतात, आयकराचा ०.१ टक्का वेगळा. पण ही आगाऊ जमा आहे. विवरणपत्र भरलं तरच ती आपल्या खाती धरली जाते. शिवाय उलाढाल मोजायची ती गिऱ्हाइकाने मोजलेल्या किमतीवर. कमिशन आणि कुरिअर वजा होऊन बँकेत जे उरतं तेच माणसं मोजतात, आणि मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

छोट्यांना कर नकोच, हेही मला पटत नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला जीएसटीच्या दीड कोटी उलाढालीपर्यंतच्या सोप्या योजनेत एक टक्का भरत असेल, तर तेवढ्याच उलाढालीच्या ऑनलाइन विक्रेत्याला वगळायचं कशाला?

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय, नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर या कंपन्यांमार्फत माल विकता येतो, पण स्वतःच्या राज्यातच. कर्नाटकातल्या निपाणीची बाई पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या बंगळुरूला चकली पाठवू शकते. तासाभरावरच्या कोल्हापूरला एक पाकीट गेलं की जीएसटी नोंदणी आली. मग घरमालकाचं संमतीपत्र, वीजबिल, आणि विक्री शून्य असली तरी विवरणपत्र. एक टक्क्याची सोपी योजनाही राज्याबाहेर माल पाठवणाऱ्याला बंद. ठराविक हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे. हाताने पाडलेल्या चकलीला नाही.

दुसऱ्या राज्याचा कर बुडेल, हिशेब लागणार नाही, असं यावर सांगतात. पण प्रत्येक पार्सलचा पत्ता कंपनीकडे असतो. राज्यवार हिशेब तिच्याकडून मागता येईल. आणि सेवांसाठी ही भिंत २०१७ सालीच पाडली आहे: निपाणीत बसून कोल्हापूरच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या बाईंना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. तीच मुभा चकलीला द्या. जीएसटी परिषदेत कर्नाटकही बसतं आणि महाराष्ट्रही. ही मागणी दोघांनी मिळून तिथे मांडावी.