हिरकणीचा बुरूज आणि रात्री नऊची बैठक

डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज आहिरे अवघ्या अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला उपस्थित राहिल्या, तेव्हा पक्षभेद विसरून त्यांचे कौतुक झाले. छायाचित्रे झळकली, हिरकणी कक्षही उघडला गेला. पुढे 2023 मध्ये मुंबईत अर्थसंकल्पीय अधिवेशन भरले, तेव्हा तेथील हिरकणी कक्षातील धूळ दाखवून देण्याची वेळ याच आमदारांवर आली. कौतुकाचे आयुष्य आपल्याकडे एवढेच!

स्त्री कार्यकर्तीचा सत्कार ‘घरसंसार सांभाळून’ या शब्दांवाचून पुरा होत नाही. पुरुष नेत्याच्या सत्कारात हे शब्द कोणी ऐकले आहेत काय? त्याचा संसार दुसऱ्या कोणी तरी सांभाळलेला असतो आणि त्या ‘दुसऱ्या कोणा’च्या वाट्याला समारंभाच्या अखेरीस एक श्रीफळ येते.

मातृत्व हा प्रगतीतील अडसर आहे, हे पुरोगामी मंडळींचे लाडके प्रतिपादन मान्य होण्यासारखे नाहीच. परंतु कुटुंबसंस्थेचा अभिमान मिरवणाऱ्यांनीही आपले घर तपासावे. भार वाटून घेणे हे कुटुंबाचे बळ. तो एकट्या सुनेच्या खांद्यावर असेल, तर उरते ते केवळ एक छप्पर. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. तरीही गावोगावी ‘सरपंचपती’ नावाचे, घटनेत कोठेही न सापडणारे पद निर्माण झालेच. बाईंना कारभार कळत नाही, असे त्याचे समर्थन केले जाते. खरे पाहता पतिराजांनी पत्नीची खुर्ची तत्परतेने उचलली, तिचे पोळपाट-लाटणे मात्र जागचे हलले नाही.

रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, म्हणून तान्हुल्याच्या ओढीने हिरकणीला कडा उतरावा लागला, असे लोककथा सांगते. तिच्या नावे बुरूज उभा राहिला. आजच्या हिरकणीला बुरूज नको आहे, दरवाजाची वेळ बदलून हवी आहे. पक्षांच्या महत्त्वाच्या बैठका रात्री नऊला का भरतात? ‘जेवणे उरकून निवांत’, असे सांगितले जाते. कोणाची जेवणे, आणि उरकतो कोण?

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठरवल्या. आजच्या 288 सदस्यांच्या विधानसभेचा हिशेब केला, तर त्या 96 होतात. या 96 जणी आकाशातून उतरणार नाहीत. आज मंडलात, वॉर्डात काम करणाऱ्या आणि मुलाच्या परीक्षेसाठी बैठक अर्ध्यावर सोडून उठणाऱ्या कार्यकर्त्यांतूनच त्या यायच्या आहेत. पुढच्या बैठकीची सूचना मात्र निघालेली आहे: वेळ, रात्री नऊ.